मिशा फुटलेली मादी

"तुमच्या मादीला मिशा फुटल्यात."

माशांच्या दुकानात, खाद्याच्या डब्यांपलीकडून हे वाक्य आलं आणि माझ्या हातातला नवा हीटर पडता पडता राहिला. वळून पाहिलं तर तो... चष्मेवाला. कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक. काही महिन्यांपूर्वी माझ्याकडून दोन प्लेको घेऊन गेला होता.

"काय म्हणालात?"

"मादीला... मिशा." त्यानं स्वतःच्या नाकाखाली दोन बोटं फिरवून दाखवली. "चांगल्या झुपकेदार."

दुकानदारानं हिशोब सोडून मान वर केली. माझे कान तापले. प्लेको म्हणजे काचेला तोंडानं चिकटून राहणारा, खरखरीत अंगाचा छोटा मासा. मी जी जात वाढवते तिच्यातल्या नराला वयात आल्यावर कपाळावर जाडजूड मिशा फुटतात, मादीला नाही. दिवसभर मी एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते आणि संध्याकाळी घराच्या मागच्या खोलीत माझ्या टाक्यांपाशी असते. नर कोण नि मादी कोण, हे मी पिल्लू लहान असतानाच सांगते. त्यावरून मासे पाळणाऱ्या मंडळींनी माझं नावच 'पारखी' ठेवलंय, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मला भारी आवडतं.

"अशक्य," मी म्हणाले. "दोन्ही माद्या होत्या. मी स्वतः बघून दिल्या होत्या."

"हो. आणि म्हणाला होतात, चूक निघाली तर खुशाल परत या."

"माझी चूक निघत नाही."

"मग माशाचीच चूक असणार," तो म्हणाला, अगदी गंभीर चेहऱ्यानं. डोळे मात्र चष्म्याआड हसत होते.

त्यानं पुढे केलेला फोन मी फणकाऱ्यानं घेतला. फोटो पाहिला... आणि पायाखालची जमीन सरकली.

लिंबासारखा पिवळा रंग, निळे डोळे, आणि कपाळभर मिशा. नर! माझ्या लिंबू वाणाचा नर!

मला तिथल्याच एका पोत्यावर बसावं लागलं. कारण मागच्याच महिन्यात माझ्या मोठ्या टाकीचा हीटर अडकला, बंदच होईना. मी लॅबमध्ये होते. बाबांच्या लक्षात येईपर्यंत पाण्यातून वाफ निघत होती आणि माझे सगळे नर गेले होते. एकूण एक. दुसऱ्या टाकीत होत्या त्या माद्या तेवढ्या वाचल्या. वर्षानुवर्षं एकेक पिल्लू निवडून मी तो पिवळा रंग नि ते निळे डोळे एकत्र आणले होते. शिवाय वाण आपल्याच हातात राहावा म्हणून मी बाहेर फक्त माद्या देत असे, नर कुणालाच नाही. माझी ती हुशारी माझ्याच अंगाशी आली होती. वाण संपला, असं म्हणून मी त्या रिकाम्या टाकीसमोर बसून मनसोक्त रडले होते. आणि आता हा माणूस सांगत होता की एक नर त्याच्या दुकानात मिशा वाढवून बसलाय.

"तो मला परत हवाय," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"त्याला एक अडचण आहे..." चष्मेवाल्याचं हसू मावळलं. "तो आजारी आहे. मातीच्या नळीत शिरून बसलाय, बाहेरच येत नाही. खात नाही, पित नाही, नुसती शेपटी हलवतो. म्हणून तर हे औषध..."

मी ताडकन उठले आणि त्याच्या हातातली बाटली हिसकावून फळीवर ठेवली.

"आजारी नाही हो तो! बाप होणार आहे!"

दुकानातल्या एका बाईंनी चष्मेवाल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मासा," तो घाईघाईनं म्हणाला. "मासा बाप होणार आहे."

त्याच्या दुकानातली टाकी गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी होती. गल्ल्यावर त्याची आई, कपाळावर एक चष्मा नि नाकावर दुसरा. मी कुणाला काही न विचारता गुडघ्यांवर बसले आणि काचेला नाक लावलं. तोही शेजारी बसला. नळीच्या तोंडाशी माझा नर... आणि त्याच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळाधमक घोस! तो शेपटीनं वारा घातल्यासारखं पाणी हलवत होता. दुसरी मासळी, जी खरोखरच मादी होती, ती मजेत काकडी खात होती.

"आई जेवतेय आणि बाप राबतोय?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"यांच्यात असंच असतं. ती अंडी घालून मोकळी. पुढचं सगळं तो बघतो."

"बरी पद्धत आहे," गल्ल्यावरून आवाज आला.

आमच्या श्वासांनी काच धुरकटली होती. त्यानं बाहीनं ती पुसली आणि पुसता पुसता त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. तो बाजूला झाला नाही. मीही झाले नाही... का, कोण जाणे.

"मग कधी नेणार याला?" त्यानं विचारलं.

"आता हलवलं तर अंडी टाकून देईल. आणि पिल्लं झाल्यावरही लगेच नाही. पिल्लं बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत बापाला हात लावायचा नाही."

"तोवर?"

"तोवर मला रोज येऊन बघावं लागेल."

हे बोलून गेले आणि मी स्वतःच हबकले. कारण ती चक्क थाप होती! पिल्लं पोहायला लागली की बाप मोकळा होतो, हे मी आजवर कितीतरी जणांना शिकवलं होतं. जीभ अशी कशी सुटली माझी?

"रोज या," तो म्हणाला.

मग रोज जाऊ लागले. लॅबमधून निघायचं, हाताला लागलेलं प्लास्टर धुवायचं, केस नीट करायचे... माशाला बघायला जाताना केस कशाला नीट करायचे, असं बाबांनी एकदा विचारलं. मी चपला घातल्या.

एके दिवशी त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला. "पारखीची नजर तपासायला हवी. मादी म्हणून नर दिलात."

मी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचून दाखवली.

"नजर तर उत्तम आहे. मग कशी फसलात?"

"मी फसले नाही. तो लपला होता." मी खुर्चीतच सरसावून बसले. "टाकीत एखादा दांडगा नर असला ना, की धाकट्याच्या मिशा वाढतच नाहीत. मार बसेल म्हणून मादीसारखा गप्प राहतो. तुमच्याकडे मोकळं मिळालं, कुणी दटावणारं नाही, म्हणून फुटल्या."

"म्हणजे भित्रा."

"भित्रा नाही. वाट बघणारा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उगाच तक्ता सरळ करायला गेला. तक्ता सरळच होता.

अंडी फुटायच्या बेतात आली आणि एका संध्याकाळी मी दुकानात शिरले तर टाकी झाकोळलेली, पाणी गढूळ, आणि आत नळीच नाही! मागच्या बाजूला नळाचा आवाज. मी धावत गेले. त्याची आई मोरीपाशी उभी. एका हातात घासणी, दुसऱ्या हातात ती नळी. नळी पाण्याबाहेर!

"बरी आलीस," त्या म्हणाल्या. "किती शेवाळ धरलंय बघ याच्यावर. आणि आत काहीतरी अडकलंय, कितीही झटकलं तरी निघत नाही."

माझे डोळे पांढरे झाले. मी किंचाळले. चष्मेवाला समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा तसाच सोडून धावत आला. त्यानं नळी हातात घेतली, तोंडावर तळवा धरला आणि तिथून टाकीपर्यंत कसा पोचला देव जाणे. नळी पाण्यात गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर.

काहीच हलेना.

हा गेला तर सगळंच गेलं, एवढं एकच माझ्या डोक्यात घुमत होतं. लिंबू वाण, इतक्या वर्षांची मेहनत... आणि इथं यायचं कारणही.

मग नळीच्या तोंडाशी मिशा दिसल्या. त्यानं दोन्ही बाजूंचे काटे ताठ करून स्वतःला आत पक्कं अडकवून घेतलं होतं. झटकलं, आपटलं, पाण्याबाहेर काढलं, तरी अंड्यांवरून तो हलला नव्हता. हळूच काटे मिटले. आणि शेपटी पुन्हा हलू लागली.

माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी चष्मेवाल्याचं मनगट धरलंय. नखं रुतली होती. तो हूं की चूं करत नव्हता.

"लागलं?"

"नाही," तो म्हणाला. "सोडलंत तर लागेल."

मी हात सोडलाच. पण जरा वेळानं.

"मला मेलीला काय ठाऊक," मागून त्याची आई पुटपुटली, "आत संसार चाललाय म्हणून!"

पिल्लं झाली. आधी नुसते पिवळे ठिपके, मग काचेवर चिकटलेली इवली शेपटं, आणि प्रत्येकाला निळे डोळे. सगळी माझ्या वाणाची! मी हसत होते नि रडत होते, आणि चष्मेवाला मला चष्मे पुसायची फडकी एकामागून एक देत होता.

पिल्लं वाढत गेली. मी मनातल्या मनात त्यांना म्हणायचे, जरा हळू वाढा ना. ती ऐकतात थोडीच! बोटाच्या पेराएवढी झाली. काही त्याहून मोठी झाली. शेवटी एका संध्याकाळी मी झाकणाचा डबा घेऊन गेले.

त्यानं डबा पाहिला. मी टाकीत हात घातला नाही.

"न्यायच्या आधी एक सांगू का?" तो चष्मा काढून पुसायला लागला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा फारच उघडा पडल्यासारखा दिसत होता. "रागवाल तुम्ही."

"सांगा."

"ज्या दिवशी मासे घेतले, त्या दिवशी तुम्ही मला शिकवलंत. नराला कपाळावर मधोमध मिशा येतात म्हणून. आठवतं?"

"हं."

"मी पिशवी उजेडाला धरून बघत होतो..."

आठवत होतं. खूप वेळ धरली होती. मला तेव्हा वाटलं होतं, हा पिशवीतून माझ्याकडेच बघतोय.

"एकीच्या कपाळावर मधोमध दोन टिंबं होती. अगदी बारीक. माझं कामच बारीक बघायचं... मला त्याच दिवशी कळलं होतं, हा नर आहे."

महिनोन्‌महिने! हा माणूस सगळं जाणून होता! अक्षरांचा तक्ता लावून वर माझीच नजर तपासत होता!

"मग... मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही तो परत घेतला असता आणि दुसरी मादी दिली असती. व्यवहार पुरा. मग तुमच्याकडे परत यायला मला कारण काय उरलं असतं? तुम्हीच म्हणालात ना, चूक निघाली तर या. म्हटलं, निघू दे चूक... मिशा फुटायची वाट बघत होतो."

मी चांगली झाडणार होते त्याला. तोंड उघडलंसुद्धा. आणि एकदम अंगावर सर्रकन काटा आला.

तो बोलला असता, तर मी हा नर परत मोठ्या टाकीत सोडला असता. त्याच टाकीत. तोही गेला असता इतरांबरोबर. ही पिल्लं नसती, हे निळे डोळे नसते. त्याच्या लबाडीनं माझा वाण वाचवला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी सांगितलं. हीटरचं त्याला माहीत होतं, पण हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो टाकीकडे बघत मटकन बाकावर बसला.

"आता माझं ऐका," मी डोळे पुसत म्हणाले. "पेराएवढं वगैरे काही नसतं. बाप कधीच मोकळा झाला होता. मी थाप मारली."

"ठाऊक आहे."

"काय?"

"दुसऱ्याच दिवशी वाचून काढलं. म्हटलं, पारखी एवढं चुकेल कशी?"

पुन्हा मी गार! या माणसासमोर मी किती वेळा गार व्हायचं? बस झालं. आता त्याची पाळी.

मी डब्याचं झाकण लावलं. डबा रिकामाच.

"हा इथेच राहू दे. माझ्या राहिलेल्या माद्या मी इकडे घेऊन येते. आणि उद्यापासून माशाला बघायला येणार नाही मी."

त्याचा चेहरा पडला. "नाही?"

"नाही. तुला बघायला येईन. तू मला आवडतोस."

चष्मा त्याच्या हातातून निसटला. तो आ वासून उभा. टाकीत एक पिल्लू काचेला चिकटून अगदी तस्साच जबडा हलवत होतं.

"अरे," गल्ल्यावरून त्याची आई म्हणाली, "तोंड मिट, आणि हो म्हण."