बसची गोळी

पालघरहून बोईसरला निघालेल्या एसटीत सुलूचं डोकं एका परक्या माणसाच्या खांद्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. दोष तिचा नव्हता. एडवणहून कामाला यायचं म्हणजे रोज बस, आणि बस म्हटली की तिला उलटी. म्हणून ती सकाळी एक गोळी घ्यायची. गोळीने पोट गप्प बसे, पण डोळेही मिटत. खांदा होता नवापूरच्या नरहरीचा. बोईसर आलं तरी तो पठ्ठ्या हलला नाही.

"उठवलं का नाय?" तिने लाजून विचारलं.

"उठवायला... मन हवं ना," तो म्हणाला.

दोघं कुंभवलीजवळच्या एकाच कारखान्यात कामाला आहेत, असं निघालं. मग काय, दुपारचे डबेही एकत्र उघडू लागले. सुलूचं घर माळकरी, मासळी उंबऱ्याच्या आत येत नसे. तिने नरहरीच्या डब्यातली कोलंबी चोरून चाखली आणि बाई चटावलीच.

यथावकाश नरहरीच्या आईने, मैनाबाईने, तिला बघायला बोलावलं. ती मासळी विकायची, अंगणभर बारीक कोलंबीची सुकट वाळत घालायची. माळकऱ्याची पोर या घरात टिकेल का, एवढीच तिला काळजी. आपल्या हातचं कोलंबीचं कालवण मुलीने खाल्लं, की होकार. सुलूला हसूच आलं. रोज तर खात होती! त्या रविवारी गोळी मात्र तिने घेतली नाही. होणाऱ्या सासूसमोर पेंगायचं कसं? लिंबू हुंगत, घाम पुसत ती कशीबशी नवापूरला पोचली.

दोन घास पोटात गेले आणि... तिचे ओठ फुगले. डोळे सुजून मिटले, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मैनाबाई पळी हातात धरून जागीच थिजली. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून सुलूला बोईसरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

कोलंबी मी रोज खाते, सुलू पुन्हा पुन्हा सांगत होती. रोज आणखी काय घेता, डॉक्टरांनी विचारलं. गोळीचं नाव ऐकून ते खुर्चीत मागे टेकले. शरीराचा पहारा करणाऱ्या पेशींना, ते म्हणाले, कोलंबी पहिल्यापासून शत्रू वाटत होती. त्या चवताळल्या की एक रसायन सोडतात आणि अंगावर सूज चढते. उलटी थांबवणारी गोळी त्या रसायनालाही अडवत होती. पण गोळीच्या भरवशावर पुन्हा कोलंबी खाल तर जीव जाईल. कोलंबी शिजताना निघणाऱ्या वाफेपासूनही लांब राहा.

सुलूला डब्यांच्या त्या दुपारी आठवल्या. आयुष्यातल्या सगळ्यात गोड दुपारी ती मरणाच्या शेजारी बसून जेवत होती!

"तुमच्या घरात मी कशी ऱ्हाऊ?" ती म्हणाली. "तुमी... दुसरी बघा."

"दुसरी?" नरहरीचा आवाज फाटला. "आत्ता तुला जाताना पायलं मी, सुलू. मला तूच पायजे... बाकी काय नको."

दाराशी मैनाबाई उभी होती. पुढे येऊन तिने सुलूच्या गालाकडे हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. कोलंबी सोललेले दोन्ही हात तिने पाठीमागे धरले.

"नरू, कुंभवलीला खोली बघ," ती म्हणाली.

"आणि तू, आये?"

"मी येन की. अंघोल करून, धुतलेलं लुगडं नेसून येन. आन् सूनबाईच्या हातचं जेवीन."