घोडेस्वार पाणी मागतो

"अहो, तो घोडेस्वार दर खेळाला गुडघा टेकून पाणीच का मागतो हो?"

पैज लावली गोदा आणि सईदा या मैत्रिणींनी, पण विचारताना कान तापले ते दमयंतीचे! मांडवीच्या मैदानातल्या तंबूत मूकपट लागला होता. पडद्याशेजारी उभा राहून इंग्रजी पाट्या मराठीत सांगणारा आत्माराम करवंट्या पिशवीत भरत होता. त्याच आपटून तो घोड्यांच्या टापा काढायचा – अशा, की खलाशीसुद्धा बाकावर मांड ठोकून बसत.

"तहान लागते त्याला," तो म्हणाला. "तिकडे धूळ किती असते..."

"पाटीवर पाण्याचं नावसुद्धा नाही. मॅट्रिकच्या वर्गात आहे म्हटलं मी!"

आत्माराम चक्क लाजला. "बायकांच्या बाजूला साऱ्या आज्या बसतात. त्यांच्यादेखत 'माझ्याशी लग्न करशील का' म्हणून ओरडू?"

"दहा दरोडेखोरांवर एकटा चालून जाणारा गडी तो – आणि तुम्ही त्याला पाणी मागायला लावता?"

"फार आवडतो वाटतं तुम्हांला?"

"त्याच्या टोपीवरची धूळसुद्धा आवडते. मनात असेल ते तोंडावर बोलतो तो. सांगणाराच भित्रा!"

तो हसला, मग हळूच म्हणाला, "उद्या शेवटचा खेळ आहे... याल?"

दमयंतीच्या छातीत टापा वाजल्या. पण तीन दिवसांनी चिपळूणची मंडळी तिला बघायला येणार होती. पसंत पडली की शाळा बंद. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हट्टानं आईआप्पांनाच घेऊन ती तंबूत गेली. काळ्या टोपीवाला दरोडेखोर खडकामागून नेम धरू लागला, तसे एरवी मोजकं बोलणारे आप्पा उठून ओरडले, "मागे बघ रे, मागे!" घोडेस्वार वळला, बार उडाला, तंबूभर शिट्ट्या! मग त्यानं टोपी काढली, मुलीपुढे गुडघा टेकला.

"आता पाणी मागेल," म्हणत एका आजीनं पान लावायला घेतलं.

करवंट्या थांबल्या. आत्मारामानं बायकांच्या बाजूला पाहिलं.

"बाई..." त्यानं करवंट्या खाली ठेवल्या. "बाई, माझ्याशी लग्न कराल? नाही म्हणालात, तरी घोडा तुमच्याच दारावरून जाईल."

शेवटचं वाक्य पाटीवर नव्हतंच. दमयंतीनं नीट वाचलं होतं.

पान टाकून आजीच ओरडली, "विचारलंन गो एकदाचं!"

घरी जाताना आई पुटपुटली, "मेला निर्लज्ज! आणि तू काय गो हसतेस? अठरा सरली, घोडी झालीस नुसती. परवा पाहुण्यांसमोर तरी–"

दमयंती वाटेतच थांबली.

"आप्पा, चिपळूणच्या मंडळींना येऊ नका म्हणून कळवा. मी आधी मॅट्रिक होणार. आणि मग त्या करवंट्यावाल्याला हो म्हणणार... त्यानं मला विचारलंय."