चंद्रावरचं एकुलतं एक अळू

चंद्रावरच्या वसाहतीत अळवाचं रोप होतं एकच, आणि त्यानेही मान टाकली होती. पानांच्या कडा करपलेल्या, माती मात्र ओलीगच्च! पाण्यात उभं राहून कुणी तहानेने सुकतं का?

मृण्मयीला अगदी रडू फुटलं. अळवाचा हा कंद आईने गुहागरच्या परसातून आणला होता. सहा महिने दूरच्या वेधशाळेत राबून आई पंधरा दिवसांनी परतणार होती आणि तिला अळूवडी खूप आवडायची.

"तूच काहीतरी केलंस!" ती घासूवर खेकसली. घासू म्हणजे भांडी घासणारा यंत्रमानव.

"मी तुझंच ऐकलं," घासू शांतपणे म्हणाला. "मोरीचं पाणी अळवाला घाल, गुहागरला असंच करतात, असं तूच सांगितलंस."

मृण्मयीचे आजोबा, तात्या, मातीचे शास्त्रज्ञ. त्यांनी काकडीच्या चकत्यांना मीठ लावून वाटी तिच्यापुढे ठेवली. थोड्याच वेळात वाटीत पाणी साचलं.

"मिठाने काकडीतलं पाणी बाहेर ओढलं," तात्या म्हणाले. "पाणी पातळ पडद्यातून जास्त खारट बाजूकडे जातं. याला म्हणतात परासरण. घासूच्या पावडरीतही मिठासारखे क्षार आहेत. ते कुंडीत साठले आणि माती मुळांपेक्षा खारट झाली. मग मुळं पाणी पिणार कशी?"

"पण गुहागरला तर अळू मोरीशीच माजतं!"

"तिथे घासायला चिमूटभर पावडर. शिवाय दरवर्षी पाऊस माती धुऊन काढतो. इथे पाऊस कुठला, बाळा?"

मृण्मयी विचारात पडली. मग म्हणाली, "मी पाडते!"

वसाहतीत आंघोळीला माणशी एकच बादली मिळायची. तिने आपली बादली रोज झारीने कुंडीत ओतली. तळाच्या भोकातून खारट पाणी निथळून गाळणयंत्राकडे जायचं. स्वतः मात्र ती ओल्या फडक्याने अंग पुसून भागवायची. घासूने पावडर चिमटीवर आणली आणि मोरीचं पाणी अळवापासून लांब ठेवलं.

पंधराव्या दिवशी आई आली. लेकीला घट्ट मिठीत घेताच तिने नाक मुरडलं. "अगं, हा वास कसला?"

"पावसाचा!" मृण्मयी हसली आणि आपल्या आंघोळीच्या बादलीची हकिगत सांगत तिला कुंडीपाशी घेऊन गेली. करपलेल्या पानांमधून एक कोवळी हिरवी सुरळी वर आली होती.

"वडीएवढं नाही झालं गं," ती हिरमुसून म्हणाली.

आईचे डोळे भरून आले. तिने घासूकडून आपल्या आंघोळीची बादली मागवली आणि झारी हातात घेतली.

"तू आज आंघोळ कर," आई म्हणाली. "आजचा पाऊस माझा."