पिंजऱ्याच्या तीन फेऱ्या

गुब्बिओ गावातून डोंगरावर तारेला लटकून जाणारे लोखंडी पिंजरे कुणासाठी थांबत नाहीत. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढेच ते. खाली कुणीतरी ढकलून आत घालतं आणि वरच्या टोकाला ओर्सोला दंड धरून बाहेर ओढते. सहा वर्षं ती हेच करत होती. कोण आलं, कोण गेलं, तिचं लक्षही नसायचं.

त्या दिवशी मात्र एका पिंजऱ्यात एक उंचापुरा तरुण डोळे गच्च मिटून उभा होता. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली.

"अहो, उतरा... लवकर उतरा —"

"नाही जमत," तो पुटपुटला, आणि पिंजरा वळून खाली निघालासुद्धा.

बारा मिनिटांनी स्वारी पुन्हा हजर. या वेळी एक डोळा उघडा होता, आणि तो सरळ ओर्सोलावर.

"कुठले तुम्ही?" तिने पिंजऱ्याबरोबर चालत विचारलं.

"फेर्राराचा. एर्कोले. आमच्याकडे सगळं सपाट आहे हो... वरच्या चर्चच्या दगडांचं काम मिळतंय. दोन वर्षांचं. बाराच्या आत तिथल्या फादर एजिदिओंना होकार द्यायचाय, नाहीतर दुसऱ्याला देतील."

"मग उतरा ना."

"उतरतच होतो. तुम्ही हसलात आणि..."

पिंजरा पुढे सरकला. ओर्सोलाला स्वतःचाच राग आला. आत्ताच हसायचं काय अडलं होतं? दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी असा वर आला असता... आणि तो यावा असं तिला मनापासून वाटत होतं. अवघ्या दोन भेटींत. कमालच झाली की.

"पुन्हा येताना डोंगराकडे बघू नका," तिने खाली हाक दिली. "मागे वळून लांब खोऱ्याकडे बघा, म्हणजे भीती वाटणार नाही."

इथेच तिचं चुकलं. तिसऱ्यांदा पिंजरा वर आला तेव्हा एर्कोलेची पाठ तिच्याकडे होती, आणि हात दांडीवर नव्हतेच.

"हे... हे तुम्ही रोज बघता?" खोऱ्यावरची नजर न हलवता त्याने विचारलं.

"उतरा, बाराला पाच कमी आहेत."

ऐकतोय कोण! पिंजरा वळला. ओर्सोलाने मागे न बघता जोडीदाराला सांगितलं, "अदेल्मोकाका, जरा सांभाळा," आणि चालत्या पिंजऱ्यात पाय टाकला.

खाली सगळं गाव उन्हात न्हालं होतं. करड्या दगडांची घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी, मधोमध उंच राजवाडा, पुढे हिरवंगार खोरं आणि त्यापलीकडे निळे डोंगर — एकामागे एक, संपेचनात. सहा वर्षं तिने नुसते लोकांचे दंड पाहिले होते. हे आपलंच गाव? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खालून बाराचे टोल यायला लागले.

"गेलं काम," एर्कोले म्हणाला.

"वाईट वाटतंय?"

"कामाचं वाटतंयच. पण रोज तू दिसली असतीस... त्याचं जास्त वाटतंय."

"मलाही तू हवा होतास," ती म्हणाली. बोलून गेली, आणि मग दुसरीकडे बघायला लागली.

खाली उतरल्यावर दोघं कठड्यावर बसून राहिले. शेवटी तिने पाण्याची बाटली उघडून त्याच्या डोक्यावर ओतली. "गावातल्या वेड्यांच्या कारंज्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, की आम्ही परक्या माणसाला असं भिजवतो. मग तो गावचा मान्यताप्राप्त वेडा होतो. तू तर पिंजऱ्यातून मारल्यास."

तेवढ्यात जेवायला निघालेले फादर एजिदिओ पिंजऱ्यातून उतरले. "ओर्सोला, तो फेर्राराचा कारागीर आलाच नाही गं?"

"आला होता, फादर. तीनदा आला."

फादरनी त्या ओल्याचिंब तरुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उंचीची भीती वाटते?"

"वाटते."

"मग रोज वर कसा येणार?"

"ही दंड धरणार असेल, तर येईन."

ओर्सोला लाल झाली. "धरेन. पण पहिल्याच फेरीत उतरायचं."

"उद्या आठला या," फादर म्हणाले. "आणि आता जेवायला चला, दोघंही."

निघताना ओर्सोलाच्या लक्षात आलं, तिने त्याचा दंड आत्ताच धरला होता.