पवनीची दोन तिकिटं

अड्याळच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि सायकलला टेकून उभ्या असलेल्या एकाला विचारलं, "अजी, खुशालभाऊचं घर कुठं आहे?"

त्यानं मला नीट न्याहाळलं. "कायले पाहिजे?"

"मी रुपा. भंडाऱ्याच्या संस्थेतून आली. त्यांच्या आईजवळ बसाले. दर गुरुवारी अर्धा दिवस... म्हणजे त्यांना जरा सुट्टी."

"त्याले नको सुट्टी. बहिणीनं परस्पर फोन केला तुमाले."

"तुम्ही कोण हो सांगणारे?"

"मीच खुशाल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला! मला हसू आवरेना. मग तोही हसला – अगदी नाइलाजानं.

त्याच्या आईला, गोदावरीबाईंना, लकवा मारला होता, उजवी बाजू गेलेली. तेव्हापासून शेती ठेक्यानं देऊन खुशाल घरीच होता. आंघोळ, औषधं, रात्री कूस बदलून देणं – सगळं एकट्यानं. पहिल्या गुरुवारी मी त्याला बाहेर काढलं, तर तासाभरात परत!

"इतक्यात?"

"जाऊ कुठं? सुचलंच नाही."

"क्रिकेट खेळा, एसटीनं पवनीला फिरून या, नाहीतर झाडाखाली झोपा!"

"हाकल त्याले, पोरी," खाटेवरून गोदावरीबाई अडखळत म्हणाल्या.

हळूहळू तो जाऊ लागला. यायचा तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा उन्हानं तापलेला आणि खिशात माझ्यासाठी बोरं. पुढं तो पुन्हा लवकर यायला लागला... आणि उंबऱ्यावर बसून राहायचा.

"खुशालभाऊ, तुमची सुट्टी संपली नाही अजून."

"माझीच सुट्टी ना? मग मी कुठंबी घालवीन." तो थांबला. "अन् ते भाऊ म्हणणं... सोडा ना जी."

गोदावरीबाईंना पेज भरवता भरवता मी मान खाली घातली. त्या अर्ध्या ओठांनी गालात हसल्या. मायबाई, यांना सगळं कळत होतं!

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून एकटीच हसायचे. पण धास्तीही वाटायची. संस्थेचा नियम तर होताच. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आजारी आई घरात, आणि मला हे काम येतं. त्याला मी हवी होते, की फुकटची बाई?

पुढच्या गुरुवारी मी माझ्या जागी संस्थेतल्याच मंदाबाईंना पाठवलं आणि पिवळा ड्रेस घालून स्टँडवर थांबले. थोड्याच वेळात खुशाल सायकल दामटत आला.

"मंदाबाई म्हणते, तुम्ही इथं उभ्या आहा. आमचं घर सोडलं म्हणे! काहून जी? माझं काय चुकलं?"

"संस्थेचा नियम आहे. ज्या घरी काम, तिथं जीव गुंतवाचा नाही." मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् माझा... गुंतला."

त्याच्या हातून सायकल सुटली, धाडकन पडली. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं!

"एक विचारू? खरं सांगाल?" मी म्हटलं. "आईले सांभाळाले बाई पाहिजे, म्हणून तं नाही ना मी?"

तो एकदम गंभीर झाला. मग अगदी हळू म्हणाला, "आईले मी सांभाळतो, रुपा. पुढंही मीच सांभाळीन. मंदाबाई दर गुरुवारी येत राहील. तू... तू मले पाहिजे. माझ्यासाठी."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो! माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

पवनीची एसटी धूळ उडवत लागली. कंडक्टर ओरडला, "चला, बसता का नुसते पाहून राहिले?"

खुशालनं सायकल पानठेल्याला टेकवली, कुलूप लावलं आणि माझा हात धरला – भर स्टँडवर, सगळ्यांसमोर!

"पवनी," तो कंडक्टरला म्हणाला. "दोन."