ताईचं सीरम

हार्मोन मोजण्याच्या कामात पहिला नियम म्हणजे आधी आपला तराजू तपासायचा. ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा एक नमुना रोज मशीनमध्ये घालायचा. त्याचं उत्तर बरोबर आलं, तरच बाकीच्यांच्या रक्ताला हात लावायचा. आमच्या प्रयोगशाळेत हा नमुना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं सीरम. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी.

मी संशोधनाला लागले तेव्हा सुईला न घाबरणारं माणूस हवं होतं. ताई हसत येऊन बसली. "लहानपणापासून माझं रक्त आटवतेयस, आता भरूनच घे," म्हणाली. ते सीरम इवल्या इवल्या ट्यूबांत भरून मी डीप फ्रीझरमध्ये ठेवलं आणि त्याच्या भरवशावर माझी सगळी कारकीर्द झाली. विभागात त्या ट्यूबांना ताईच म्हणायचे. "ताई बाहेर काढल्या का?" "हो, ताई आज ठीक आहेत." घरी जाऊन हे सांगितलं की ताई पोट धरून हसायची.

गेल्या वर्षी ती गेली. मेंदूच्या आजारात आधी नावं विसरली, मग माणसं. शेवटी मी तिला माझ्याकडे आणलं होतं. मी जवळ बसले की ती हात सोडवून घ्यायची, परक्या बाईकडे बघावं तसं बघायची. डॉक्टर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, त्या तुम्हाला ओळखत नाहीत." मी लावून घेतलं. तिनं मला विसरावं याचा मला रागसुद्धा आला.

कामावर परतले त्या दिवशी ताईचं उत्तर चुकलं. कॉर्टिसोल वर गेलं होतं. हे हार्मोन म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. माणूस घाबरला की ते वाढतं. पण जिवंत माणसात. ट्यूबमध्ये मेंदू नसतो, ते हार्मोन बनवणारी ग्रंथीही नसते. तिथे ते जुनं होऊन थोडं कमी झालं असतं तर मी समजू शकले असते.

मी रसायनं बदलली. मशीन तपासून घेतलं. फ्रीझर मधे कधी बंद पडला होता का, याची चौकशी केली. सगळं ठाकठीक होतं.

माझ्या हाताखाली एक तरुण सहकारी आहे. कुठल्याही आकड्यावर त्याचा चटकन विश्वास बसत नाही, म्हणून आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. त्यानं ट्यूब काढली की उत्तर अगदी जुनंच यायचं. मी काढली की वाढलेलं.

"मॅडम, हाताला काही लावता का? क्रीम वगैरे?"

"हातमोजे काय शोभेला घालते मी?"

तो ओशाळून हसला. मी मात्र मनातून सुखावले होते. असले विचार माझ्या विद्यार्थ्यानं बोलून दाखवले असते तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती, तरी मला वाटत होतं की ताई मला ओळखतेय. मग मी काम नसतानाही ट्यूब काढू लागले. फ्रीझरमधला खोका रिकामा होत गेला आणि दरवेळी आकडा आधीपेक्षा मोठा येत गेला.

शेवटची ट्यूब उरली तेव्हा शंकासुर हटून बसला. "ही मी करतो. तुम्ही फक्त सांगतो तेवढं करा."

दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. त्यानं ट्यूब वितळवली, तिचे दोन भाग केले, एक आपल्या मुठीत धरला आणि दुसरा माझ्या मुठीत दिला. थोड्या वेळानं दोन्ही त्यानंच मशीनमध्ये घातले. मला थेंब मोजायच्या पिपेटला शिवूही दिलं नाही.

त्याच्या मुठीतल्या ताईचं उत्तर नेहमीचंच आलं.

माझ्या मुठीतलीचा आकडा मशीनला देताच आला नाही. पडद्यावर फक्त 'मर्यादेबाहेर' अशी अक्षरं आली.

"ओळखते ती मला," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो पडद्याकडेच बघत होता. "मॅडम, ओळखीचं माणूस भेटलं म्हणून कॉर्टिसोल इतकं वाढत नाही."

"मला शिकवतोस?"

"तसं नाही." तो थांबला. "ताई गेल्या तेव्हा जवळ कोण होतं?"

"मी."

"आणखी?"

"आणखी कोण असणार? मी एकटीच."

त्यानं आपली खुर्ची जराशी मागे सरकवली.

म्हणजे डॉक्टर चुकले होते. ताईनं मला अखेरपर्यंत ओळखलं होतं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, डोळे भरून आले. या पोराचे आभार मानावेत म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हलला नाही. त्याच्या मानेवरची शीर तेवढी भराभर उडत होती.

त्याचा आकडा किती आला असता, ते मला मशीनशिवायही सांगता आलं असतं.