तळाशी बांधलेल्या सळया

तलासरीत प्रविणशेठच्या बंगल्याची गॅलरी कोसळली आणि वर मिरच्या पसरत असलेली तिथली कामवाली शुक्री जागीच गेली. पोलिसांनी धरलं ते तिच्याच नवऱ्याला, लाहूला. गॅलरीतल्या सळया त्यानेच बांधल्या होत्या.

"भावाला डहाणूला कामावरूनच उचलला. 'तुझ्या चुकीनं बायको मेली' म्हटल्यावर त्याने तोंड शिवलंय," त्याची बहीण रूपी म्हणाली.

खासगी तपास करणाऱ्या जयमालाबाईंनी मदतनीस देवेशला गाडी काढायला सांगितलं.

पडलेला स्लॅब बघताच देवेशला आपला बांधकामाचा डिप्लोमा आठवला. "बाई, भिंतीतून नुसत्या बाहेर काढलेल्या गॅलरीत ताण वरच्या अंगाला येतो. सळया वर हव्यात. इथे तळाशी आहेत. लाहू चुकलाच."

"चुकणाऱ्याचं काम इतकं नेटकं नसतं."

बाई स्लॅबच्या बाहेरच्या कडेशी वाकल्या. रंगाखालून कापलेल्या सळयांची चार टोकं दिसत होती. तिथेच, खाली अंगणातल्या जुनाट फरशीत एकच चौकोन नवा होता.

"अडाणी माणसं," प्रविणशेठ म्हणाला. "सांगून ऐकतात थोडीच!"

"गाडी मोठी घेतलीत?" अंगणातल्या गाडीकडे बघत बाईंनी विचारलं.

"हो. आता वळवायलाही सोपं जातं."

मोलकरीण पुतळीने नजर वर केली नाही. "फोडलेल्या सिमेंटचं राबीट पाटीपाटीनं बाहेर टाकलं आम्ही बायांनी. शेठ म्हणाला, बाथरूमचं."

हात धुण्याच्या निमित्ताने बाई आत गेल्या. बाथरूमच्या भिंतींवर जुनं शेवाळ तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"बीमला दोन्ही टोकांना आधार असला, की तो मधोमध खाली वाकतो. ताण तळाशी येतो. लाहूने सळया तिथेच बांधल्या, कारण बाहेरच्या टोकाला खांब होता. कापलेल्या चार सळया त्याच्याच. नवी फरशी त्याच्याच जागेवर. शेठ, गाडी वळेना म्हणून तुम्ही तो तोडलात. आधार गेला, ताण वर आला, आणि वर सळईच नव्हती."

"एका खांबाने एवढं होईल, हे मला काय ठाऊक?" शेठ बोलून गेला.

"मग पोलिसांपासून तो लपवलात का?"

देवेशला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली.

लाहूने पहिल्यांदाच मान वर केली. "खांब काढला? नि तिने पाहिलं नाय?"

पुतळी रडू लागली. "पाहिलं रे. मी म्हटलं, वर जाऊ नको. तर हसून म्हणाली, माझ्या माणसाने बांधलीय, पडायची नाय."